लाल रंगाखालचं धरमतर

माझ्या हातून आजवर पुष्कळ काही सांडलं आहे आणि घरातली माणसं ते मला अधूनमधून ऐकवत असतात. पण मागच्या फेब्रुवारीत, पेणच्या आमच्या बंद पडलेल्या स्टुडिओत, मी फुलपात्रभर पाणी निगेटिव्हांवर सांडलं, त्याबद्दल मात्र मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही. त्या पाण्याने मला शिडाचा मचवा दाखवला!

थांबा, नीट सांगते. मला घाईने सांगायची खोड आहे. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हाही तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांत मी कोकण ओलांडून गोव्यात पोचलेली असायचे आणि पोरं अजून वह्या काढत असायची.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, पेणचे फोटोग्राफर. आता शहाऐंशीचे आहेत. स्टुडिओला कुलूप लागून बरीच वर्षं झाली, पण आत सगळं तसंच होतं. जागा रिकामी करून द्यायची होती आणि मी नुकतीच निवृत्त झालेली, म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामटेकडी. त्यामुळे आवराआवर माझ्या गळ्यात पडली. कपाटात बुटांचे खोके निघाले. खोक्यांत निगेटिव्हची पाकिटं, आणि पाकिटांवर अप्पांच्या अक्षरात फक्त गावाचं नाव आणि पुढे 'पासपोर्ट'. एक निगेटिव्ह उजेडात धरली. काळा चेहरा, पांढरे केस, आणि डोक्याभोवती सगळीकडे लाल रंगाचा जाड थर. दुसरी धरली, तिच्यावरही तोच थर. सगळ्याच तशा.

हा लाल रंग काय ते मला लहानपणापासून माहीत होतं. खाडीकाठचे तरुण तेव्हा आखातात जायला लागले होते. मुंबईच्या एजंटाचा निरोप यायचा: परवापर्यंत फोटो पाहिजेत, मागची बाजू पांढरी पाहिजे. वीस-पंचवीस जणांनी कामं सोडून पेणला यायचं, त्यापेक्षा अप्पाच सायकलला कॅमेरा बांधून धरमतरच्या बंदरावर जायचे. सुरुवातीला पांढरी चादरही न्यायचे. पण खाडीचा वारा! एकदा चादर उडून चिखलात गेली, एकदा फोटो काढून घेणाऱ्याच्याच तोंडावर बसली. शेवटी अप्पांनी चादरीचा नाद सोडला. माणूस जिथं असेल तिथंच, चांगला उजेड बघून उभा करायचा, फोटो घ्यायचा, आणि घरी येऊन निगेटिव्हवर बारीक ब्रशाने डोक्याभोवतीचं सगळं लाल रंगाने झाकायचं. त्या रंगातून उजेड जात नाही, म्हणून कागदावर तेवढा भाग पांढराशुभ्र राहतो. कानाच्या पाळीला, केसांच्या बटेला धक्का न लावता हे करायला हात स्थिर लागतो. अप्पांना आपल्या त्या हाताचा भारी गर्व होता, आणि अजून आहे.

तर पाणी सांडलं. मी घाबरून ओढणीने टिपायला गेले तर ओढणी लाल. आता अप्पांची बोलणी खावी लागणार म्हणून एक निगेटिव्ह उचलून खिडकीशी धरली, तर त्या माणसाच्या कानामागे एक तिरकी रेघ दिसली. मी ओल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून आणखी थोडं पुसलं. रेघ वर वर जात राहिली. मग मोबाइल काढला, त्यात रंग उलटे करून बघायची सोय असते, आणि निगेटिव्ह खिडकीच्या काचेला टेकवून कॅमेरा तिच्यावर धरला.

डोलकाठी! तिच्याभोवती गुंडाळलेलं शीड, खाली कौलांच्या चळती, आणि चळतीवर पाय सोडून बसलेला खलाशी विडी ओढतोय. मी इतक्या जोरात ओरडले की खालचा दुकानदार जिना चढून वर आला.

"काय गो बाय, साप निघाला काय?"

"मचवा निघाला!" मी म्हटलं. तो बिचारा दारातूनच परत गेला.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. पण मी तीस वर्षं फळ्यावर खाडी काढून, तिच्यात बाण दाखवून, 'पूर्वी येथून शिडाच्या नौकांतून मालवाहतूक चाले' हे वाक्य पोरांना लिहून दिलं आहे. मला स्वतःला मचवा आठवतो तो चिखलात कलंडलेला, फळ्या निघालेला. आता धरमतरला बघावं तर लोखंडी बार्ज. भरलेला, जिवंत, माणसं वावरत असलेला मचवा मी कधी धड पाहिलाच नव्हता, आणि तो इतकी वर्षं आमच्याच कपाटात, बुटांच्या खोक्यात पडून होता.

मी घरी धावले. अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्यापुढे मोबाइल धरला तर त्यांनी आधी माझी ओढणी बघितली.

"रंग पुसलास?"

"अप्पा, मागे काय आहे ते तर बघा!"

"मागे काय आहे ते दिसू नये म्हणूनच रंग लावतात," अप्पा म्हणाले. "अख्खी रात्र न् दिवस बसून मी झाकलं आणि तू धुऊन काढ. बरोबर आहे. शिकलीसवरलेली आहेस."

नाकावरचा राग दोन दिवस उतरला नाही. मी मात्र ऐकणार होते थोडीच! पुढचे दोन दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी धुलाईच काढली. एकाच्या मागे मिठाचे ढीग आणि टोपल्या घेऊन चाललेल्या बायका निघाल्या. एकाच्या मागे प्रवासी लाँच धक्क्याला लागत होती आणि एक बाई कोंबडी काखेत मारून फळीवरून उतरत होती. जो तो आखातात जायला तोंड पुढे करून उभा, आणि ज्याच्यातून तो उठून चालला होता ते सगळं त्याच्या पाठीशी! थोड्याच वर्षांत मचवे गेले, लाँच गेली, बरीचशी मिठागरं गेली. त्यांचा कुणी मुद्दाम फोटो काढला नव्हता. रोज दिसणाऱ्या वस्तूचा फोटो कोण काढतो?

तिसऱ्या दिवशी माझ्या घाईने दगा दिला. रंग लवकर सुटावा म्हणून मी वाडग्यात गिझरचं कोमट पाणी घेतलं. निगेटिव्ह पाण्यात टाकली आणि बघता बघता त्या तरुणाची हनुवटी, मग कान, मग सगळा चेहराच सायीसारखा सुटून पाण्यावर तरंगायला लागला. हाताशी नुसती कोरी फिल्म राहिली. तो कोण होता, मला माहीत नाही. कुणाचा तरी मुलगा होता. मी तिथंच मोरीपाशी बसले आणि रडले, खरंच रडले.

अप्पा काठी टेकत आले. वाडग्यात बघितलं. मला वाटलं आता तासभर सुटका नाही. पण ते एवढंच म्हणाले, "तुरटी आण."

त्यांनी रंग फिल्मच्या खरखरीत बाजूला लावला होता, कारण गुळगुळीत बाजूला तो धरत नसे, आणि चित्र त्याच बाजूला असतं. जुनं झालं की ते मऊ पडतं. फ्रिजचं गार पाणी, त्यात तुरटी विरघळवायची, निगेटिव्ह त्यात ठेवून चित्र घट्ट होऊ द्यायचं, आणि मग कापसाच्या बोळ्याने, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसायचं. हे सगळं सांगताना अप्पांचा राग केव्हा उतरला ते त्यांनाही कळलं नसावं. "पण एक निगेटिव्ह एकदाच," ते म्हणाले. "चित्र सुटलं तर सुटलं. दुसरी संधी नाही."

मी कौलांच्या मचव्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. दुसऱ्याच दिवशी दुपारी रोह्याहून एक फोन आला. आवाज म्हातारा, आधी सलाम केला, पण बोलण्यात अशी घाई की मला आपलाच माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"बाय, ते मचव्याच्या फोटोवाले तुम्हीच काय? माझा पन फोटो तुमच्या बापानंच काढलेला. धरमतरच्या बंदरात. आमचा मचवा माझ्या पाठीमागंच होता. धुतलाव काय तो?"

"अजून नाही, चाचा. शोधते."

"मग धू नका! थांबा! मी समोर पायजे." मग कारण सांगायला लागले. "त्या दिवशी माझे अब्बा मचव्यावर होते. बाय, माझ्या अब्बांचा एक पन फोटो नाय. त्यांनी उभ्या जन्मात काढू दिला नाय. तसबीर आपल्याला चालत नाय म्हनायचे. हजला जायचं ते पन फोटो लागेल म्हनून मागं मागं ठेवलं आनि राहूनच गेलं. मी आखातात गेलो त्याला दोन वर्षं झाली न् ते वारले. मना सुट्टी नाय मिळाली. आता मी त्यांच्यापेक्षा म्हातारा झालोय आनि त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर येत नाय. पाठ येते, हात येतात. चेहरा येत नाय."

मी फक्त "शोधते, चाचा" एवढंच पुन्हा म्हटलं.

त्यांनी जुन्या पासपोर्टवरचा आपला फोटो मोबाइलवर पाठवला. बाविशीचा पोरगा, शर्टाच्या कॉलरचं एक टोक वर वळलेलं. धरमतरच्या चाळीसेक निगेटिव्हांत मी ते टोक शोधत बसले आणि सापडलं तेव्हा ओट्यावर थाप मारली. खांद्याच्या वरचं सगळं लाल. खाली, रंग जिथं संपत होता तिथं, लाकडाच्या फळ्या आणि लोंबणारा एक दोर. मचवा तर नक्की होता. वर त्याच्यावर कोण होतं ते लाल रंगाखाली.

बोळा हातात घेऊन एक कोपरा, अगदी एवढासा, पुसून बघायचा मोह मला किती झाला म्हणून सांगू. पण शब्द दिला होता.

चाचांचे गुडघे गेलेले, त्यांना पेणला येणं जमणार नव्हतं. मग आम्हीच रोह्याला निघालो. आम्ही म्हणजे मी आणि अप्पा, कारण अप्पांनी सरळ सांगितलं, "पुसायचं मी. तुझ्या हातात नको." शहाऐंशीव्या वर्षी ते एका पायावर तयार झाले होते. थर्मासमध्ये बर्फाचं पाणी, पिशवीत तुरटी, कापूस, वाडगं, आणि निगेटिव्ह एका डायरीच्या पानांत. पेणहून गाडी वेळेवर सुटली आणि निडी स्टेशनात जाऊन जी थांबली ती थांबलीच. मागून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती म्हणे. मी तीनदा उठून दारापर्यंत गेले.

"तू उठल्याने गाडी हलणार आहे का?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला आठवतंय का, त्या दिवशी मागे कोण होतं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी मागचं कधी बघतच नव्हतो ग," ते म्हणाले. "मी नुसती डोक्याची कड बघायचो. कडेच्या बाहेरचं सगळं माझ्यासाठी लाल करायची जागा."

चाचांचं घर वरसे गावाच्या बाजूला, नव्या वस्तीत. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. पांढरी दाढी, डोळे मोठे. आम्हाला आत नेऊन चहा पुढे केला आणि चहा निवायच्या आत म्हणाले, "मोठी बहीन इथंच पलीकडं राहते. तिला बोलावलं तर मना झापली. म्हनते, अब्बांना जे नको होतं ते त्यांच्या मागं तू कशाला काढतोस? ती नाय येत." मग अप्पांकडे वळून, "तुम्ही सांगा, मास्तर. मी चुकतोय काय?"

अप्पांनी पेला खाली ठेवला. "फोटो तर मी तेव्हाच काढलेला आहे," ते म्हणाले. "आपण फक्त पुसतोय. आणि असतीलच असंही नाही. ते मचव्याच्या आतही असतील."

"व्हय," चाचा म्हणाले. "त्या दिवशी मना म्हनालेले, तू हो पुढं, फोटो काढ, मी मचव्यातलं पानी उपसतो. लय पानी धरायचा आमचा मचवा. मी फोटो काढला आनि तसाच एजंटाच्या मागं पळालो. मागं वळून बघितलं पन नाय. बघा तुम्ही, पुसा. पाठ दिसली तरी चालंल."

वाडग्यात तुरटीचं पाणी केलं. निगेटिव्ह त्यात सोडली. दहा मिनिटं ठेवायची होती, आणि ती दहा मिनिटं आम्ही तिघंही वाडग्यात बघत बसलो. मग अप्पांनी बोळा घेतला. त्यांचा हात कापत होता. माझी पाचावर धारण बसली, कारण आता कोमट पाण्यातला तो चेहरा मला आठवत होता. पण बोळा फिल्मला टेकला आणि हात थांबला. अगदी थांबला. म्हाताऱ्याने एका श्वासात एक पट्टा पुसला, बोळा टाकला, नवा घेतला.

पहिल्यांदा नाळ निघाली, मचव्याचं उंच टोक. "आमचा! आमचाच!" चाचा ओरडले. "ती पट्टी बघा, ती मी मारलेली!" मग डोलकाठीचं बूड. मग चाचांच्या तरुण डोक्याच्या डाव्या बाजूला, दोन बोटांवर, काहीतरी काळं, उभं. निगेटिव्हमध्ये काळं म्हणजे फोटोत पांढरं. मी घाईघाईने मोबाइल धरला तर सगळं धूसर. अप्पा खेकसले. मी कोपर टेबलावर टेकवलं.

मचव्याच्या फळ्यांवर एक माणूस उभा होता. पाठमोरा नव्हता, वाकलेला नव्हता, हातात बालदी नव्हती. दोन्ही हात सरळ खाली, छाती पुढे, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात गुडघ्याखाली जाणारा पांढरा कुडता. कॅमेऱ्याकडे नीट बघत होता. फोटो काढून घेताना माणूस जसा उभा राहतो, तसा.

चाचांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"हा ईदचा कुडता," ते म्हणाले. "कामावर अब्बा लुंगी न् बनियन. हा पेटीत असायचा. वर्षाला दोनदा निघायचा." मग माझ्याकडे बघून, जणू मीच काही सांगू शकेन असं, "बाय, ईदचा कुडता घालून पानी कोन उपसतं?"

अप्पांनी बोळा वाडग्यात टाकला. "मीच झाकलं," ते म्हणाले. "घरी बसून, दहा मिनिटांत. समोर उभे होते आणि मी झाकलं."

"तुम्ही नसतं झाकलं तर एजंटानं फोटो परत केला असता, मास्तर. मी गेलोच नसतो," चाचा म्हणाले आणि त्यांनी अप्पांचा ओला, लाल झालेला हात आपल्या हातात धरला. दोघंही रडत होते आणि मी तर कधीचीच सुरू झाले होते, पण आनंदाने मला उठून गल्लीत ओरडावंसं वाटत होतं. चेहरा अगदी स्पष्ट आला होता. भुवयासुद्धा.

चाचांनी स्वतःचा फोन उचलला. नंबर लावताना दोनदा चुकले. पलीकडून बहिणीचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, चढलेला.

"ये गो इकडं," चाचा म्हणाले. "अब्बा दिसतात."

मग तिने विचारलं, "लपून काढलेला काय?"

"नाय गो. कुडता घालून उभे हायेत. ईदचा." चाचांनी डोळे पुसले. "पासपोर्टचा तो माझा फोटो हाय ना, तो माझ्या एकट्याचा नव्हताच गो."